घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सून बाहेर? कायदा असं म्हणत नाही

सगळ्यात आधी एक वाक्य डोक्यातनं काढून टाका: "घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा इथं काय संबंध". सोलापुरात नवरा-बायकोचं भांडण हातघाईवर आलं की हे वाक्य येतंच, सासू म्हणते, दीर म्हणतो, समजूत काढायला बसलेले भावकीतले लोक म्हणतात, आणि वाईट म्हणजे बाईच्या माहेरचे पण मान डोलावतात की बरोबरच आहे की, उतारा तर त्यांच्याच नावाचा. मग मार खाल्लेली बाईच दोन पिशव्या आणि लेकरं घेऊन बाहेर पडते. आणि बाहेर पडल्यावर कळतं की एकट्या बाईला खोली द्यायला इथं कुणी लवकर तयार होत नाही. म्हणजे राहतं घर गेलं आणि नवं मिळेना.

या दोन घरांच्या बाबतीत कायदा सारखा नाही. ज्या घरात तुम्ही राहत होतात तिथं कायदा चांगला ताकदीचा आहे, ज्या घरात जायचंय तिथं तो लंगडा आहे. लोक करतात नेमकं उलटं, जिथं ताकद आहे ते सोडून देतात आणि जिथं नाही तिथं दारोदार फिरतात.

तर पहिलं घर. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, ज्याला कोर्टात सगळे डीव्ही अ‍ॅक्ट म्हणतात, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याचं कलम १७ सांगतं की बाई ज्या घरात कुटुंबासोबत राहते किंवा राहत होती त्या सामायिक घरात राहायचा तिला हक्क आहे, घरावर तिची मालकी असो नसो, आणि कायदेशीर मार्ग सोडून दुसऱ्या कुठल्याही मार्गानं तिला तिथनं काढता येत नाही. मालकी वेगळी, राहायचा हक्क वेगळा. हा कायदा घर तुमच्या नावावर करून देत नाही, वाटणी पण देत नाही, फक्त रात्री अकरा वाजता दाराबाहेर उभं करायचं नाही एवढं सांगतो, आणि भांडणाच्या दिवशी तेवढंच लागतं. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन सगळ्यांना हा लागू आहे, लग्नासारखं एकत्र राहणाऱ्या बाईला पण. हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही, घरखर्चाला पैसे न देणं, तुम्ही राहता त्या घराचं भाडं थकवणं, स्त्रीधन विकून टाकणं हे पण कायद्यानं आर्थिक छळात धरलंय.

मग सासऱ्याच्या उताऱ्याचं खूळ आलं कुठनं? त्याला कारण आहे. कायदा लागू होऊन दोन महिने पण झाले नव्हते आणि डिसेंबर २००६ मधे सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी बात्रा केसमधे निकाल दिला, की घर नवऱ्याचं असेल, त्यानं भाड्यानं घेतलेलं असेल किंवा एकत्र कुटुंबाचं असेल तरच ते सामायिक घर, सासूच्या स्वतःच्या नावावरचं घर असेल तर सुनेला तिथं हक्क नाही. झालं, पुढची जवळजवळ चौदा वर्षं प्रत्येक सासरच्या वकिलानं हाच निकाल दाखवला. शेवटी १५ ऑक्टोबर २०२० ला आहुजा केसमधे तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं बात्राचा निकाल चुकीचा ठरवला. घर सासू-सासऱ्याच्या नावावर असलं तरी बाई तिथं संसार करून राहिली असेल तर ते सामायिक घर होऊ शकतं. कायदा बदललाय, पण लोक अजून २००६ मधेच बसलेत. सासऱ्यानं पेपरात जाहीर नोटीस दिली की मुलाशी आणि सुनेशी आमचा काही संबंध नाही, तरी त्या नोटिशीनं हा हक्क जात नाही.

२०२२ च्या मे महिन्यात प्रभा त्यागी केसमधे कोर्ट अजून पुढं गेलं. विधवा बाईची केस होती. नवरा गेला म्हणून, किंवा त्या घरात प्रत्यक्ष राहायलाच दिलं नाही म्हणून हक्क जात नाही, असं कोर्टानं सांगितलं. म्हणजे नोकरीपायी नवरा-बायको पुण्याला राहत होते, तो वारला आणि सोलापूरच्या घरी आल्यावर दिरानं दारातनंच परत पाठवलं, अशा बाईला पण दाद मागता येते.

दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर अर्धवट ऐकून कुणीतरी फसेल. हा हक्क अमर नाही. म्हातारे सासू-सासरे खरोखर त्रासात असतील तर कोर्ट त्यांचं पण बघतं, कधी सुनेला त्याच घरात ठेवण्याऐवजी वेगळी सोय लावून देतं. दिवाळीला चार दिवस गेलात म्हणून नणंदेचं घर काही सामायिक होत नाही. आणि कोर्टात रीतसर दावा लावून मालक तुम्हाला काढू शकतो, पण तो दावा चालेल, तुमचं ऐकलं जाईल, तोपर्यंत कुलूप बदलता येत नाही.

आजकाल एक वेगळी वाट काढतात. सासू-सासरे ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करतात की सुनेपासनं त्रास आहे, घर खाली करून द्या, तिथं निकाल लवकर लागतो. काही अर्ज खरे असतात, ते नाकारून चालणार नाही. पण काही अर्ज मुलानंच पाठीमागं राहून करवलेले असतात. डिसेंबर २०२० मधे बेंगळुरूच्या एका केसमधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की या कायद्याचा वापर करून बाईचा डीव्ही अ‍ॅक्टमधला राहायचा हक्क मोडता येणार नाही, दोन्ही कायदे एकमेकांशी जुळवूनच वाचायचे. तेव्हा प्रांत ऑफिसची नोटीस आली की घाबरून सामान बांधायचं नाही, तारखेला हजर राहून डीव्हीचा अर्ज टाकलाय हे तिथं लेखी द्यायचं.

आता अर्जात मागायचं काय ते नीट बघू, कारण अर्ध्या बायका फक्त पोटगी मागून मोकळ्या होतात. अर्ज कलम १२ खाली मॅजिस्ट्रेटकडे होतो आणि घराचं सगळं कलम १९ मधे आहे. तिथं मॅजिस्ट्रेट नवऱ्याला आणि सासरच्यांना सांगू शकतात की हिला घरातनं काढायचं नाही, ती राहते त्या भागात तुम्ही यायचं नाही, घर विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही. नवऱ्यालाच घरातनं बाहेर राहायला लावता येतं. बायकांना बाहेर काढायचा आदेश मात्र या कलमात देता येत नाही, म्हणजे सासूला हाकला असं मागू नका, मिळणार नाही. घर भाड्याचं असेल तर आणखी एक फार कामाची गोष्ट आहे, नवऱ्यानं मालकाला परस्पर "मी खोली सोडतो" म्हणून चावी द्यायची नाही, असा आदेश पण मागता येतो, कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याला हक्क सोडता येत नाही. आणि शेवटचं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, ते म्हणजे त्या घरात जीवाला धोका असेल, परत जायचंच नसेल, तर नवऱ्यानं तशाच दर्जाची दुसरी जागा घेऊन द्यावी किंवा तिचं भाडं भरावं.

हे भाड्याचं मागणं अर्जात लिहिलेलं नसतं हो बऱ्याचदा! बाई माहेरी बसलेली असते, भावाच्या दोन खोल्यांत पाच जणांत सहावी, आणि अर्जात फक्त "मासिक पोटगी मिळावी". वकिलांना स्पष्ट सांगा की भाडं वेगळं मागा. नवऱ्याची ऐपत बघून रक्कम ठरते, त्यामुळं जुळे सोलापुरात टू बीएचके मिळेल असं समजू नका, पण आधी जसं राहत होतात त्याच्या जवळपासचं मागायचा हक्क आहे. वसुली हा वेगळा वैताग आहे. पोटगीचे पैसे थेट पगारातनं कापून द्या असं मॅजिस्ट्रेट नवऱ्याच्या कारखानदाराला किंवा कंपनीला सांगू शकतात, त्यामुळं नवरा पगारदार असेल तर बरं पडतं, रोखीनं पगार घेणारा किंवा आज या कारखान्यात उद्या त्या असा असेल तर वॉरंट काढत बसावं लागतं.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लावावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात काय होतं ते कोर्टाच्या बाकड्यावर बसलेल्या कुणालाही विचारा. म्हणून कलम २३ लक्षात ठेवा, अंतरिम आदेश. प्रतिज्ञापत्रावर, प्रसंग तसा असेल तर समोरच्याचं ऐकायच्या आधी पण, कोर्ट तात्पुरता आदेश देऊ शकतं. मुख्य अर्जासोबतच अंतरिम अर्ज लावायला सांगा. पुरावा म्हणून राहत होतात हे दाखवणारे कागद लागतात, रेशन कार्ड, आधारवरचा पत्ता, गॅसचं पुस्तक, लेकरांच्या शाळेचा दाखला. निघायची वेळ आलीच तर दागिन्यांच्या आधी या कागदांचे मोबाईलमधे फोटो काढून बहिणीला पाठवून ठेवा.

आता दुसरं घर. समजा रेणुका आहे, सात वर्षांची मुलगी घेऊन सासरहून निघालीय, रेडिमेड गारमेंटच्या युनिटात शिलाई करते, पगार नियमित. नीलम नगरच्या बाजूला खोली बघायला जाते. ती विचारते नळाला किती दिवसांनी पाणी येतं, आणि मालकीणबाई विचारतात,
"मिस्टर काय करतात?"
"आम्ही वेगळे राहतो काकू."
"म्हणजे सोडून दिलंय?"
"केस चालूय."
"बघ ताई, तसं आमचं काही नाही. पण उद्या तो येऊन दारात तमाशा केला तर आम्हाला शेजारपाजार आहे. खोली आमच्या पुतण्याला द्यायचं चाललंय."
पुतण्या वगैरे कुणी नसतो हे दोघींना माहीत असतं.

हे बेकायदेशीर आहे का? खरं सांगायचं तर आपल्याकडं नाही. राज्यघटनेचं कलम १५ लिंग, धर्म, जात यावरनं भेदभाव करू नये म्हणतं, पण ते मुख्यतः सरकारला बांधतं. खासगी मालकानं खोली कुणाला द्यावी यावर घरभाड्यातल्या भेदभावाचा असा सर्वसाधारण कायदा देशात नाही. अमेरिकेत या बाबतीत काहीतरी आहे. तिथं १९९४ च्या महिलांवरील हिंसाचाराच्या कायद्यात २००५ साली घराच्या तरतुदी घातल्या, २०१३ आणि २०२२ मधे वाढवल्या. सरकारी मदतीच्या घरांमधे बाई छळ सोसलेली आहे एवढ्यावरनं तिला घर नाकारता येत नाही, नवऱ्यानं येऊन दंगा केला म्हणून तिला काढता येत नाही, भाडेकरार तोडून फक्त त्याला बाहेर काढता येतं आणि ती तिथंच राहते, धोका असेल तर दुसऱ्या घरात बदली मागता येते. साध्या खासगी घरमालकांना मात्र तिथं पण हा कायदा सगळीकडं लागू नाही. तरी "त्यानं तमाशा केला, शिक्षा हिला" हा जो आपल्याकडचा न्याय आहे तो निदान कागदावर तरी त्यांनी चूक म्हणून लिहून ठेवलाय. आपल्याकडं तेवढं पण नाही, आणि ते व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

पण आत्ताचं काय? मालकीणबाईंच्या नकाराचं मूळ बघा. त्यांना रेणुकाची भीती नाही, तिच्या नवऱ्याची आहे. आणि त्याला आवरायचा मार्ग याच डीव्ही अ‍ॅक्टमधे आहे, कलम १८, संरक्षण आदेश. त्यात नवऱ्यानं तिच्या कामाच्या ठिकाणी, ती जाते-येते त्या ठिकाणी फिरकायचं नाही, फोन-मेसेज करायचा नाही असं तर येतंच, पण तिला मदत करणाऱ्या माणसाला त्रास द्यायचा नाही असं पण आदेशात घालता येतं. मदत करणारा माणूस म्हणजे भाऊ, मैत्रीण, आणि माझ्या मते खोली देणारी मालकीणबाई पण. हा आदेश मोडला की गुन्हा, दखलपात्र आणि अजामीनपात्र, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खोली बघायला जाताना "केस चालूय" म्हणण्यापेक्षा "कोर्टाचा आदेश आहे, तो आला तर पोलीस उचलतील" म्हणणं वेगळं पडतं. सगळ्या मालकीणबाई ऐकतील असं नाही. काही ऐकतात.

खोली मिळाली की करार लेखी आणि रजिस्टर करून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, करार रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, आणि केला नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खोटं ठरेपर्यंत खरं धरलं जातं. खर्च फार नाही, स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्क्याच्या हिशोबानं निघते, शहरात नोंदणी फी एक हजार. करार फक्त स्वतःच्या नावावर करा, नवऱ्याचं नाव "शोभेला" म्हणून सुद्धा घालू नका. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर खोली सोडावी लागते, त्यात खऱ्या भाडेकरूएवढं संरक्षण नाही हे माहीत असू द्या. भाडेकरूचं पाणी किंवा लाईट मालकाला तोडता येत नाही, कलम २९, आणि सोलापुरात जिथं चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथं टाकीचा कॉक बंद करणं म्हणजे बाहेर काढल्यासारखंच आहे. भाडेकरूचं सामान जबरदस्तीनं बाहेर टाकलं तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागायचा दावा लावता येतो. अपार्टमेंटमधे असाल आणि सोसायटीचे सेक्रेटरी "आम्ही फॅमिलीलाच देतो" म्हणत असतील तर लक्षात घ्या, भाडेकरू ठेवायचा निर्णय फ्लॅटमालकाचा असतो, बोलणं त्याच्याशी करा.

सोलापुरात एक वेगळाच प्रकार आहे ज्याचं फार बोललं जात नाही. कुंभारीला गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार गृहनिर्माण संस्थेची दहा हजार घरं झाली, नंतर तिथंच रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ ला दिली गेली. प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर करायचा नियम आहे. म्हणजे इथं उतारा तिचा, हप्ता तिनं विड्या वळून फेडलेला, आणि तरी पिऊन आलेल्या नवऱ्याच्या मारापायी तीच लेकरं घेऊन बहिणीकडं निघते! अशा वेळी सामायिक घराचा वाद पण घालायला नको, मालकीणच ती आहे, कलम १९ खाली त्याला बाहेर राहायला सांगा असं सरळ मागायचं. विडीवालीसाठी घर म्हणजे कामाची जागा पण असते, पानं घरी भिजतात, सुपात घेऊन विड्या घरी वळल्या जातात, माल द्यायचा तो जवळच्याच कारखान्यात. घर सुटलं की बऱ्याचदा रोजगार पण सुटतो. हे अर्जात लिहा, वकिलाला आपणहून सुचेलच असं नाही.

माहेराबद्दल दोन वाक्यं. हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित घरात मुलीचा मुलाएवढाच हक्क आहे, २००५ पासून, आणि लग्न झालं म्हणून तो जात नाही. भाऊ-भावजय छळून बाहेर काढत असतील तर त्यांच्याविरुद्ध पण डीव्हीचा अर्ज होतो, हा कायदा फक्त सासरासाठी नाही. "हक्कसोड" पत्रावर राखीपौर्णिमेच्या भावनेत सही करायच्या आधी एकदा विचार करा. तसंच घटस्फोटाच्या कागदाचं, फारकत झाली की राहायच्या हक्काचा मुद्दा अवघड होऊन बसतो, म्हणून घराचं काय ते आधी लिहून घ्या, मग सही.

जायचं कुठं तर, रात्रीची वेळ असेल तर ११२ किंवा १८१. सखी वन स्टॉप सेंटरमधे तात्पुरतं, साधारण पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पुढं निवारागृहात, आणि तिथं आधी तक्रार केलीय का हे विचारून परत पाठवता येत नाही. अर्ज भरायला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातले संरक्षण अधिकारी मदत करतात, तो त्यांच्या कामाचा भाग आहे, उपकार नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो, तालुक्याला असाल तर तालुका समिती आहे, फोन १५१००. आपल्याकडच्या कितीतरी पोरी गुलबर्ग्याला, विजापूरला, हैदराबादेला दिलेल्या असतात, त्यांनी केसपायी तिकडं पळायची गरज नाही, सध्या जिथं राहता, तात्पुरतं का होईना, तिथल्या कोर्टात अर्ज चालतो आणि आदेश देशभर लागू होतो.

आदेश झाला की त्याची प्रत कोर्टानं फुकट द्यायची असते, तुम्हाला पण आणि तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्याला पण. पोलीस ठाण्यात पोचली का ते स्वतः जाऊन बघा, नसेल तर तुमच्या प्रतीची झेरॉक्स देऊन पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट. एक झेरॉक्स मालकीणबाईंकडं ठेवा, एक मुलीच्या शाळेत.